खरेदीखताआधीची वास्तुशांत

टिळकवाडी, बेळगाव
शुक्रवार

चि. नागेंद्र यास कल्याणीआक्काचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा आणि माधवीची सर्दी उताराला लागली असेल असे धरून चालते. (नसेल तर दोष निपाणीच्या तंबाखूच्या हवेला दे, डॉक्टरला नको.)

माझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला, शिऱ्याची वाटी हातात घेऊन, साऱ्या गल्लीसमोर तू विचारलेस, "आक्का, खरेदीखत झालं न्हाय, मग ही वास्तुशांत कुणाच्या घराची गं?" तेव्हा कलश तुझ्या डोक्यावर उपडा करावा असे वाटले. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात शिकलेली, निवृत्त मुख्याध्यापिका मी, आणि धाकटा चुलतभाऊ मला शिकवणार! बिल्डर धवल म्हणाला होता, "साठेखत झालं आक्का, आता घर तुमचंच समजा की." मी समजले. गुरुजीही समजले. दूधसुद्धा उतू गेले.

मग तू (शिरा दोनदा घेऊन) समजावलेस. साठेखत म्हणजे विकण्याचे नुसते वचन. मालकी येते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने. थोडक्यात, साखरपुडा झाला होता आणि मी डोहाळजेवण घातले होते. तारण म्हणजे कर्जासाठी मालमत्ता बँकेकडे अडकवणे, आणि बोजा म्हणजे त्या कर्जाची मालमत्तेवरची नोंद, जी घेणाऱ्याच्या मानेवर बसते. दुसऱ्या दिवशी तू बोजाचा दाखला काढलास, तर अख्खी इमारत तारण, माझ्या स्वयंपाकघरासकट! उरलेली रक्कम मी त्याच संध्याकाळी देणार होते. बँकेचे ना-हरकत पत्र आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे तू बजावलेस. धवलने कुरकुरत पत्र आणले, काल खरेदीखत झाले. नागेंद्र, माझी म्हातारपणाची जागा तुझ्यामुळे वाचली. हे लिहून देते. तोंडाने म्हणणार नाही.

तुझी,
कल्याणीआक्का

ता. क. वास्तुशांत पुन्हा नको, असे गुरुजी म्हणतात. देवाला नोंदणी लागत नाही.

ता. क. आणखी एक. काल सायंकाळी शेजारचा सुहास त्याच्या दुकानाच्या कर्जाचा कागद घेऊन आला. फक्त ओळखीखातर सही हवी होती. पाया पडला, मी केली, चांगली वळणदार. सहीखाली 'जामीनदार' असे छापले आहे. हा शब्द तू त्या दिवशी समजावला नव्हतास, म्हणजे चूक तुझी. कागद सोमवारी बँकेत जाणार आहे. रविवारी ये.