शंभर घरांच्या वतीने

बाई, तुमच्या पाहणीच्या कागदावर आमच्या घराचे एक उत्तर चुकीचे नोंदले गेले आहे. चूक तुमची नाही, माझी आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षे झाली. लातूरहून तुमच्या भाच्याने तसा निरोप पाठवला होता. हे तेव्हाच लिहायला हवे होते, परंतु माणूस गेल्यावर त्याच्यापाशी चूक कबूल करण्यात काय मर्दुमकी, असे स्वतःला सांगून मी टाळले. गेल्या आठवड्यात जे घडले, त्यानंतर टाळणे मला शोभणार नाही.

मी आता नांदेडला मुलाकडे राहतो. आमच्या गल्लीत पाहणीसाठी एक मुलगी आली. तुमच्यासारखी वही नव्हे, हातात टॅबलेट. समोरच्या घराला कुलूप होते. तिने क्षणभर कुलपाकडे पाहिले आणि शेजारच्या दाराची कडी वाजवू लागली. मी खुर्चीवरून उठलो. विचारले, "बाळ, तुझ्या यादीत कोणते घर आहे? हे की कुलपाचे?" ती म्हणाली, "कुलपाचं, आजोबा. पण बाजूचंच तर आहे, काय फरक पडतो?" मी म्हणालो, "पडतो. त्या घरातले नवराबायको दोघेही कामाला जातात. दुपारी कुलूप असते ते अशांच्याच घराला. त्यांना गाळून शेजारी गेलीस, तर दुपारी घरी असणाऱ्यांचेच शहर तुझ्या यंत्रात भरेल. संध्याकाळी परत ये." ती हसली. "प्रोफेसर होता का हो तुम्ही?" "नाही. कोतवाल होतो. चौथी उत्तीर्ण." ती संध्याकाळी खरोखरच आली. सूनबाई ही हकिकत गल्लीभर कौतुकाने सांगत सुटल्या. मला मात्र ते कौतुक घेववेना. जो नियम मी एवढ्या ताठ मानेने शिकवला, तो मीच तुमच्या देखत मोडला होता.

तुम्ही उमरीच्या बसमधून आमच्या गावात उतरलात, तो दिवस मला स्वच्छ आठवतो. खांद्याला खाकी पिशवी, डोक्यावर पदर आणि चालणे असे, की मला मागे धावावे लागले. चावडीवर पाटील म्हणाले, "कोतवाल, बाईसाहेबांना चार चांगली घरं दाखवा अन् दुपारच्या गाडीनं मोकळं करा." तुम्ही शांतपणे म्हणालात, "चांगली नकोत. आधी सगळी मोजू." मग दोन दिवस आपण गावाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत प्रत्येक दारावर खडूने आकडा घालत फिरलो. मारुतीच्या पाराजवळ बसून तुम्ही छापील आकड्यांचा तक्ता काढलात, डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवलीत आणि पहिले घर ठरवलेत. तिथून पुढे ठरावीक अंतराने एकेक घर. मला ते खूळ वाटले. मी म्हणालो, "बाई, शितावरून भाताची परीक्षा होते. एवढा खटाटोप कशाला?" तुम्ही विचारलेत, "कोतवाल, घरी वरण करतात ना? न ढवळता वरचंवर पळी घातली तर काय येतं?" "पाणी." "डाळ कुठं असते?" "तळाशी." "मग? पातेलं ढवळता येतं, गाव ढवळता येत नाही. म्हणून हा तक्ता. हा कुणाचा सोयरा नाही अन् कुणाचा मिंधा नाही." चार इयत्तांत असा धडा मला कोणी दिला नव्हता.

तरीही मी पाहणीच्या पहिल्याच दिवशी खोटे बोललो. निवडलेला आकडा ओढ्यापलीकडच्या एका म्हातारीच्या खोपीवर आला. तिथे बसायला धड पोते नव्हते. परगावची शिकलेली बाई आमच्या गावाला काय म्हणेल, या विचाराने मी म्हणालो, "ते घर रिकामे आहे," आणि तुम्हाला अलीकडच्या माळवदाच्या घराकडे वळवू लागलो. तिथे सतरंजी होती, कपबशा होत्या. तुम्ही खोपीकडे बोट केलेत. "मग तो धूर कोण करतंय? मांजर?" तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण ते शब्द मला आजही लागतात : "तुम्ही गावाची अब्रू झाकता, कोतवाल, आणि झाकली जाते ती म्हातारी." खोपीत गेलो तर म्हातारी माझ्यावरच उखडली. "काऊन रे, मला गाळून चालला व्हतास? मी काय गावात न्हाई?" तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात आणि तिचे सगळे ऐकलेत, कागदावर ज्याला रकाना नव्हता तेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा आमच्या दारावर आला. तुम्ही उंबऱ्याशी थांबता. माझी पत्नी चुलीपाशी बसलेली आहे, धाकटी तिच्या मांडीवर. ती दूध नसलेला गुळाचा चहा पुढे करते. पाहणीच्या घरी काही घ्यायचे नाही हा तुमचा नियम, तरी तुम्ही तो चहा घेता आणि म्हणता, "वहिनी, झकास झालाय." माणसे किती, जनावरे किती, सारे नीट लिहून होते. मग तुम्ही वाचता, "मागच्या सात दिवसांत घरातलं कुणी रात्री उपाशी झोपलं का?" ज्वारी हाती यायला अजून महिना होता. मी म्हणतो, "नाही." तुम्ही चुलीकडे पाहता, मग तिच्याकडे. "वहिनी, तुम्ही सांगा." ती पदर ओढून घेते. "त्यांनाच इचारा, बाई. ते सांगतील तेच." तुमची पेन्सिल कागदावर थांबलेली आहे. "कोतवाल, एवढ्या गावांतनं मोजकी घरं निघालीत. हे एक घर शंभर घरांच्या वतीनं बोलतंय. परत विचारू?" मी म्हणतो, "सांगितले ना. नाही लिहा." आणि तुम्ही लिहिता. जे दिसते ते नव्हे, जे घर सांगते तेच लिहायचे, हाही तुमचाच नियम.

त्यानंतर तीन हंगाम तुम्ही मला मुदखेडपासून हदगावपर्यंत सोबत नेलेत. त्या उत्तराचा उल्लेख एकदाही केला नाहीत. एके दिवशी घरांची यादी माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "आता हे तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे." एवढा मान मला सरकारनेही कधी दिला नाही. मी एकही घर गाळले नाही, एकही आकडा हलवला नाही. लोक टाळू लागले की मीच दरडावून सांगत असे, "खरे बोला, शंभर घरांचा प्रश्न आहे." आणि प्रत्येक वेळी तुम्ही मान खाली घालून लिहीत राहायचात. तुम्हाला ठाऊक होते, असे मला वाटते. तुम्ही मला लाजवले नाहीत, हे तुमचे मोठेपण. परंतु ज्या शंभर घरांच्या वतीने मी "नाही" म्हणालो, त्यांतल्या कितींच्या चुली त्या आठवड्यात थंड होत्या, हा विचार या वयात मला स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून आज दुरुस्ती सादर करतो. हे पत्र कोठे टाकावे ते मला ठाऊक नाही, म्हणून ते पेटीतच राहील. तरी नोंद योग्य असावी. घरातले कोणी उपाशी झोपले का? होय. किती जण? एक. माझी पत्नी. ती सर्वांना वाढून शेवटी बसत असे आणि "मी जेवले" म्हणत असे. रिकाम्या पातेल्यात उलथन्याचा नुसताच आवाज येई, तो मी ऐकत असे. किती रात्री? हा रकाना मला भरता येत नाही, बाई. तुमच्यानंतर तीही गेली, आणि इतकी वर्षे संसार करून मी तिला तो प्रश्न एकदाही विचारला नाही.