शरदिनीचं माहेर, सागवानी चौकटीत

दुर्गाघाट, काशी

प्रिय विष्णुराव,

सप्रेम नमस्कार. तुमच्या वाडीच्या जुन्या नकाशाची खरी किंमत आधी सांगतो: आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्या कबाडीच्या लेकाचा लग्नातला फोटो फुकट मढवून दिला, दुपारभर त्याचं गाणं ऐकलं, आणि तुमच्या भगिनींनी माझ्याशी अबोला धरला. (तो का, हे ओघानं येईल.) गुडघा कसा आहे? सडक झाली की निम्मा बरा होईल.

वाडी जुनी असल्याचा पुरावा आणा, मग सडक, असं तुमचे सडकेचे साहेब म्हणाले, तेव्हापासून मी कान उघडे ठेवून होतो. परवा पानाच्या ठेल्यावर उभा असताना कबाडी कुणाला तरी सांगत होता की रामघाटावरच्या एका घरातून ट्रंकभर कागद मिळाले, तिथले पणजोबा इंग्रजांच्या वेळी डोंगर मोजत हिंडायचे. 'दख्खन के पहाड़' एवढं कानी आलं आणि मी तोंडातल्या पानासकट त्याच्या गोदामात. ट्रंकेच्या तळाशी तुमच्याच डोंगराचा नकाशा निघाला, पणजोबांच्या हातचा.

काय हात होता हो त्या माणसाचा! उंचीच्या रेघांवरून बोट फिरवलं तरी दम लागावा. पायवाटा, पाणवठे, घराघराचा काळा ठिपका. असा कागद साहेबांपुढे सुरळी करून न्यायचा? मी ओट्यावर काच कापत धंदा सुरू केला, आज या घाटावरचे निम्मे पूर्वज माझ्या चौकटीत बसलेत, आणि माझ्या सुरीनं एकाही आजोबांचा कान कापलेला नाही. सागवान लावलं, पितळी कड्या लावल्या, डोंगर बरोब्बर मधोमध आणला. गल्ली बघायला लोटली. यात गंगा कुठे, असं सगळ्यांनी विचारलं, नाही म्हटल्यावर "फिर किस काम का?" म्हणून निघून गेले.

शरदिनी तेवढी चष्मा लावून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आमचं घर कुठंय?" डोंगराआड असेल, असं मी बोलून गेलो. तेव्हापासून आमटीसुद्धा मुकाट्यानं वाढली जाते.

चौकट काल पार्सलनं निघाली. वहिनींना नमस्कार.

आपला,
गोपीनाथ

ता. क. पार्सल साहेबांसमोर उघडू नका. आधी घरी मागचे खिळे काढा. कातरण मी कधी टाकत नाही, पाठीला भर म्हणून घालतो. त्यातली लांब पट्टी नकाशाच्या डाव्या कडेला जुळवून धरा, मग शरदिनीला फोन करून घर सापडल्याचं सांगा. एवढं माझ्यासाठी कराच.

पुन्हा ता. क. डोंगर मधोमध यावा म्हणून डावीकडून चार बोटं छाटली होती. तुमची वाडी त्या चार बोटांत आहे.