बाबांची डावी बाजू

रवि. २ नोव्हें.

मांडीवर दोन निळे डाग, दंडावर एक. बर्फ लावून बसले आहे.

आजही त्याच ड्रममागे अडकले. वाडीच्या पुढे, अमरावती रोडवरचं ते पेंटबॉलचं मैदान. ऑफिसच्या सहलीला एकदा गेलो काय आणि आमची तिघांची टीमच झाली. मी, आमच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनचा सुपरवायझर हेमंत, आणि बाबा. बाबा म्हणजे माझे सासरे, वय सहासष्ट, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. सहलीच्या दिवशी नितीनला ड्यूटी लागली, म्हणून नवऱ्याच्या जागी सासरे आले आणि तिथेच रमले.

माराची भीती नाही. गोळी लागते, रंग फुटतो, चटका बसतो, संपलं. भीती त्याच्या आधीच्या क्षणाची. निघायचं असतं आणि पाय दगड. बाबा ओरडले, "निघ प्रणाली, रस्ता मोकळा हाय." खरंच मोकळा होता. मी हलले नाही. माझी वाट पाहत हेमंत आऊट झाला.  माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

मंगळ. ४

सकाळी चहावर बाबांची शिकवणी. म्हणाले, तू समोरच्याच्या गनकडे पाहतेस. नवा ड्रायव्हर असाच बोनटकडे पाहत गाडी हाकतो, मग खड्डा चाक गेल्यावर समजतो. जिथे जायचं तिथे पाहावं. आणि श्वास धरून ठेवू नये, येतो-जातो तेवढा नुसता पाहावा. सासूबाई गेल्यावर ते दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जाऊन आले, तेव्हापासून रोज सकाळी खुर्चीवर डोळे मिटून बसतात.

त्याला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत त्यांचं घरातलं बोलणं म्हणजे चहा, पेपर, झोपतो. आज एका चहात एवढं. नितीन म्हणाला, "मले गाडी शिकवताना तर नुसते ओरडत होते." बाबा म्हणाले, तू ऐकत नव्हता.

ऑफिसात एक ड्रायव्हर फोनवर भांडत होता. दोनदा श्वास पाहिला. तिसऱ्यांदा मीच ओरडले.

रवि. ९

निघाले!

ड्रमपासून टायरच्या ढिगापर्यंत. फार तर पंधरा पावलं. गनकडे पाहिलंच नाही, सगळ्यात वरच्या टायरवर पांढरा पट्टा होता तेवढाच पाहिला. मास्कवर गोळी फुटली, सगळं नारंगी. आऊट झालेच, पण टायरपाशी पोचून.

बाबा हसले. पोट धरून. असं हसणं लग्नाच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं बहुतेक. येताना त्यांनी आलूबोंडे घेतले. नितीनसाठी बांधलेले दोन गाडीवरच संपवले आणि घरी सांगू नको म्हणाले.

रवि. १६

वाईट दिवस. लिहायचं नव्हतं.

बाबा रेतीच्या बोऱ्यांमागे, मी त्यांच्या डावीकडे बरीच मागे. एक पोरगा डावीकडून सरकत येत होता, मला स्पष्ट दिसत होता. तीनदा ओरडले. बाबा डावीकडे, डावीकडे. ते समोरच पाहत राहिले. त्याने अगदी जवळून बरगडीत मारलं. बाबा वाकले तेव्हा घाबरले, आणि त्या भीतीचाच राग झाला. त्यांनी निघ म्हटलं की मी निघायचं, आणि माझं मात्र...

बाहेर आल्यावर हेमंतसमोरच बोलून गेले, "माझं ऐकायचंच नसेल तर टीम कशाला बाबा?"

ते मास्क पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत होते.

मंगळ. १८

दोन दिवस पुन्हा चहा, पेपर, झोपतो.

संध्याकाळी ते पेपर वाचत बसलेले. मी डाव्या बाजूने चहा घेऊन गेले. बाबा चहा, म्हटलं. काही नाही. मुद्दाम नाही करत, हे चेहऱ्यावरून कळत होतं. पुन्हा म्हटलं. नाही. वळसा घालून उजवीकडे गेले, त्याच आवाजात म्हटलं. "दे नं."



मग एकेक लक्षात यायला लागलं. जेवताना भिंतीशीच बसतात, भिंत डावीकडे. फोन नेहमी उजव्या कानाला. आणि जुन्या एसटीचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी, केबिनमध्येच असायचं. बत्तीस वर्षं.

आणि मी म्हणाले, ऐकायचंच नसेल तर.

गुरु. २०

आज गच्चीवर कपडे काढताना सरळ विचारलं. उजवीकडे उभं राहून. आधी माफी मागितली. ते म्हणाले, त्याचं काय एवढं.

चार वर्षं झाली म्हणे. आधी शिट्टी वाजायची कानात, मग तीही बंद. कोणालाच सांगितलं नाही. काहून, विचारलं. चिमटे डब्यात टाकत राहिले. मग बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"माह्या बापाले ऐकू येत नव्हतं. आधी सगळे मोठ्यानं बोलायचे. मंग कंटाळले. मंग बोलणंच सोडलं. मीबी सोडलं वं."

पुढे म्हणाले, मैदानावर बरं वाटते. तिथे सगळेच ओरडतात, सगळ्यांनाच अर्धं ऐकू येते. कोणाला समजणार नाही असं वाटलं.

नितीनला सांगू नको म्हणाले. हो म्हटलं. नको होतं म्हणायला.

रवि. २३

जागा बदलल्या. बाबा आता डाव्या टोकाला, जाळीला लागून. मी आणि हेमंत दोघंही त्यांच्या उजवीकडे. हेमंतला कारण सांगितलं नाही, त्याने विचारलंही नाही. दोन डाव जिंकलो!

माझंच एक वेगळं झालं आहे. अर्धा वेळ बाबांकडे पाहत असते. त्यांच्यामागे कोणी आलं का, त्यांना दिसलं का. स्वतःसाठी घाबरले की पाय दगड होतात. त्यांच्यासाठी घाबरले की आपोआप पळतात. असं का होतं कळत नाही, पण आज ड्रम केव्हा सोडला ते आठवतही नाही.

बाबांना आवडलं नाही. "माह्याकडं पाहू नको. तुया खेळ खेळ," म्हणाले. रागावले होते खरंच.

रवि. ३०

स्पर्धा. सहा टीम, बहुतेक कॉलेजची पोरं. नितीन पहिल्यांदाच पाहायला आला, जाळीबाहेर उभा.

पहिला सामना सोपा गेला. दुसऱ्यात हेमंत लवकर आऊट. मी आणि बाबा विरुद्ध एक. तो एक कुठे दिसेना. मग दिसला. जाळी आणि बोऱ्यांच्या मधल्या फटीतून पोटावर सरपटत, बाबांच्या डाव्या बाजूने. नितीनलाही दिसला, तो बाहेरून ओरडत होता. बाबा समोरच पाहत होते.

ओरडून उपयोग नव्हता, त्या गोंगाटात माझा आवाज त्यांच्या उजव्या कानालाही पोचला नसता. निघाले, सरळ बाबांकडे. मधे आडोसा काहीच नाही. पाच-सहा पावलांवर छातीत बसली.

आऊट झालेल्याने बोलायचं नाही, खुणावायचं नाही, एक हात वर करून चालत बाहेर जायचं, असा नियम. हात वर केला. बाबांनी वळून पाहिलं. फक्त पाहिलं, माझ्या तोंडाकडे नाही, शर्टाकडे. मी मान खाली घालून चालत राहिले. काही सांगून टाकेन अशी भीती वाटत होती. मागून तीन गोळ्यांचा आवाज आला आणि तो पोरगा हात वर करून उठला.

नंतर बाबांनी समजावलं. तू जाळीकडं तोंड करून धावत होतीस अन् रंग छातीवर, म्हणजे तो जाळीकडूनच. त्यात काय.

पुढचा सामना एका मिनिटात हरलो. कोणाला काही वाटलं नाही. हेमंतने सगळ्यांना उसाचा रस पाजला.

तिथेच नितीन म्हणाला, "बाबा, मी एवढा बोंबलून राहिलो होतो, ऐकूच नाही आलं तुम्हाले?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मास्कमध्ये नाही येत रे ऐकू.

पहिल्यांदा खोटं बोलले त्याच्याशी. म्हणजे, एवढं मोठं.

बुध. ३ डिसें.

आज बाबांना सांगितलं की मला हे जमणार नाही. तुमचं तुम्ही सांगा, सांगू नका, पण नितीनने मला विचारलं तर आता मी खोटं बोलणार नाही. ते उठून गेले. जेवले नाहीत. मी बरोबर केलं का...

गुरु. ४

जेवताना बाबांनी सांगितलं. वरण वाढून घेता घेता, जसं काही रिक्षाचं भाडं वाढलं. डाव्या कानाने ऐकू येत नाही, शनिवारी तपासून घेतो, प्रणाली येईल संग.

नितीन हात धुवायला उठला तो बराच वेळ आलाच नाही. नळ चालू. आला तेव्हा डोळे लाल होते. ताट उचलून बाबांच्या उजवीकडे जाऊन बसला आणि ऑफिसचं काहीतरी सांगायला लागला. हळू आवाजात. बाबा हूं हूं करत होते.

मला तिथे थांबवेना. भांडी घासायला घेतली.

शनि. ६

अकरा वाजताची वेळ आहे. अजून तासभर.

कानाला मशीन लागेल असं मला वाटतं. बाबा घालतील का, माहीत नाही. काल दोनदा म्हणाले, कानात काही घालून माणूस म्हातारा दिसते. तिसऱ्यांदा विचारलं, मास्क घातला तर मशीन पडणार तर नाही? म्हटलं, डॉक्टरांना विचारू. ते म्हणाले, डॉक्टरले काय समजते मास्कमधलं.

म्हणून काल संध्याकाळी एकटेच बसने मैदानावर जाऊन आले. मास्क मागून आणला. आत्ता तो पिशवीत घालून, इस्त्रीचा शर्ट घालून, खाली स्कूटीपाशी उभे आहेत. हेल्मेट आधीच डोक्यावर. नितीन खाली गेला आहे, त्यांचा पट्टा लावून देऊन राहिला आहे, आणि ते त्याला मास्क दाखवून काहीतरी समजावत आहेत.