साधारण जाणकार हवा आहे

ती. बाबांना जावयाचा वाकून नमस्कार.

आपले गुडघे आता जिना चढू देतात असं आईंनी फोनवर सांगितलं, ऐकून जिवाला बरं वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक आहे (माझं पेटंट सोडून, पण हे पत्र त्यासाठी नाही).

बॉयलरच्या धुरातला गंधकाचा वायू काढायची माझी युक्ती आपल्याला आठवत असेलच. सगळे आधी धुरातली राख गाळतात आणि मग धूर चुन्याच्या पाण्याने धुतात. मी गाळलेली राख ओली करून परत त्याच धुरात सोडली. बराचसा वायू तिनेच धरला, चुना निम्माच लागला. पेटंट मिळालं, कंपनीने मला स्वतंत्र खोली दिली, तिला खिडकीसुद्धा. आता शेजारच्या कारखान्याने पेटंट कार्यालयात अर्ज ठोकलाय की ते रद्द करा, यात नवीन ते काय, हे कुणालाही सुचलं असतं. (मग त्यांना का सुचलं नाही, हे विचारायची तिथे पद्धत नाही.) पेटंट गेलं तर खिडकी जाईल, त्याचं एवढं नाही, पण ही युक्ती माझी, असं म्हणायची सोय उरणार नाही, याचं फार वाईट वाटतं.

परवा सुनावणी झाली. त्यांचा वकील जुने शोधनिबंध काढेल म्हणून मी जय्यत तयारीने गेलो, तर त्याने काढली म्हण. काट्याने काटा काढतात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे, मग घाणीने घाण काढली यात अक्कल ती कुठली? अधिकारीबाई चक्क हसल्या. माझा वकील गडबडून म्हणाला, चिखलाने चिखल धुतला जात नाही अशीही म्हण आहे. ती कुठली, असं बाईंनी विचारल्यावर तो फायली चाळू लागला. पुढे बराच वेळ म्हणींवर खल चालला, राखेचं नाव कुणी काढलं नाही. अखेर बाई म्हणाल्या, या धंद्यातल्या साधारण जाणकाराला तेव्हा हे सुचण्यासारखं वाटलं होतं का, तेवढं दाखवा.

बाकी क्षेम. जिना उतरताना मात्र कठडा धरा.

आपला जावई

ता. क. आपण जन्मभर बॉयलर सांभाळलेत. ही युक्ती मी प्रथम सांगितली तेव्हा, आंघोळ करून उकिरड्यावर लोळणारा जावई नशिबी आला, असं आपण चारचौघांत म्हणाला होतात. मंगळवारी पुढची सुनावणी आहे; येऊन तेच वाक्य, त्याच आवाजात, बाईंसमोर म्हणाल का?

ता. क. २. साक्षीदार फार हुशार असून चालत नाही, साधारणच लागतो. वकिलांनी तशी खात्री मागितली; आपल्या लेकीने लगेच दिली.

ता. क. ३. पेटंट मिळाल्यापासून आपण सगळ्यांना सांगता की पोरगा हिरा आहे हे मला युक्ती ऐकली त्याच दिवशी कळलं होतं. ऐकून डोळे भरून येतात. पण ते विरुद्ध बाजूच्या वकिलाच्याही कानावर गेलंय, आणि मंगळवारी तोही आपल्यालाच बोलावणार आहे. खोटं बोला असं मी कसं म्हणू? ही म्हणते, बाबांना जुनं काही आठवायला लावूच नका; तुमच्याबद्दल आजचं खरं मत विचारा, काम होईल.