दुपारी तीनचं जेवण

निपाणी, ३० ऑगस्ट
दशलक्षण पर्व, तिसरा दिवस

ती. अण्णांना कमलाचा जयजिनेंद्र.

इकडं सगळे ठीक. काल टपालानं दोन गोष्टी आल्या. त्रिशलाचं जर्मनीहून पार्सल, आत एक इरकल साडी आणि एक फोटो. सोडवायला सहाशे चाळीस रुपये लागले. आणि टिळकवाडीहून तुमचं पत्र, पाच रुपयांच्या तिकिटाचं. महाग तुमचंच पडलं.

तुम्ही लिहिता, 'त्रिशलाला घरात घेतलंस तर तुझा उंबरा मला वर्ज्य.' कारण काय, तर तुमच्या नातीनं, प्रियानं, मोबाईलवर तिचा सिनेमा दाखवला आणि आपली धाकटी बहीण त्यात रात्री मांस खाताना दिसली.

मी सरळ तिला फोन लावला. ती हसतच सुटली. "आक्का, लाल भोपळा हुता गं त्यो! बटाटासुद्धा चालत न्हाय म्हणून सांगितलंतं मी त्यांस्नी. भोपळा खाऊन बाटले व्हय गं मी?"

"आणि रात्र?"

"दुपारचं तीन वाजलंतं. खिडक्यांवर काळं कापड ठोकलंतं. दिवस मावळल्यावर मी खात न्हाय, म्हणून सगळ्यांना माझ्यापायी दुपारी काम करायला लागलं."

फोटोत ते कापड आहे. कडेनं ऊन आत शिरलंय. पडताळायचा असेल तर पाठवते, पण परत पाठवायचा.

एकतीस वर्षं ती तिकडं आहे. ज्या नाटकात बोलतच नाहीत, सगळं गातात, ते ऑपेराचं गाणं गायली. तुम्ही म्हणालात, तमासगिरीण झाली. मग गळ्याचं ऑपरेशन झालं, वरचा सूर गेला. तेव्हा आपल्यातल्या कुणी विचारलं नाही, काय खातेस म्हणून. आता पन्नाशीनंतर सिनेमात परदेशी आईची कामं करते, तेव्हा मात्र आपण तिचं ताट बघतो.

ताट बघितलंत, साडी नाही बघितलीत. त्या सीनमध्ये ती आईची इरकल नेसलीय. तीच ही पार्सलातली. काठ उसवलाय, तो शिवून ठेव म्हणाली. क्षमावाणीला ती नेसून बस्तीत देवदर्शनाला जायचंय. शिवता शिवताच हे लिहितेय, टाका वाकडा गेला तर तुमच्यामुळं.

हे म्हणाले, "अण्णा लई रागावतील." मी म्हटलं, "मग मी बी रागावते की एकदा. लग्नाच्या छत्तीस वर्षांत नंबरच लागला न्हाय माझा."

आज उत्तम आर्जव. मनात एक, ओठांत एक ठेवायचं नाही असं महाराज सकाळी म्हणाले. म्हणून जे नऊ वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. आई जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "त्रिशलाचा आवाज ऐकीव गं." मी नंबर लावला होता. तुम्ही "ठेव" म्हणालात आणि मी ठेवला. नंतर त्रिशलाला कळवलं, आई झोपेत गेली, काही बोलली नाही. हे खोटं माझं आहे, तुमच्यावर ढकलत नाही. ती आली की तिच्या तोंडावर सांगणार. क्षमा करेल किंवा करणार नाही.

दरसाल क्षमावाणीला तुम्हाला लिहिते, कळत नकळत चुकलं असेल त्याची क्षमा असावी. यंदाही मागते. फक्त त्रिशलाला घरात घेतेय, ते त्यात धरू नका. ते मी कळून सवरून करतेय.

ती सहा तारखेला येते. आठ तारखेला, क्षमावाणीला, बस्तीतून आल्यावर आमच्याकडं जेवण, दुपारी तीनला. तुमचा पाट मांडणार. तो मोकळा राहिला तर राहील, तिचा उचलणार नाही.

येणार की नाही ते उलट टपाली कळवा. भाकरी मोजून थापते मी, आणि या घरात अन्न टाकत नाहीत.

तुम्हा दोघांचीही बहीण,
कमला