मशीनच्या पलीकडचा हात

प्रिय तोमो,

पाकिटावरचं नाव वाचून तू हे पत्र न उघडताच केरात टाकलं असतंस, तरी मला बोलायला तोंड नव्हतं. उघडलंस, तर आता शेवटपर्यंत वाच. मी कुनिहिको. 'मिकाझुकी' गेम सेंटरमधला, खिडकीकडच्या मशीनवर बसणारा, फाटक्या तोंडाचा. बत्तीस वर्षं झाली. अजून ओसाकातच आहे. जन्मभर लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवल्या, त्यात गुडघे गेले, आणि गेल्या वर्षापासून घरी बसलोय. तुझा पत्ता योनेकुरा मावशीकडून मिळाला. तू तिला दर नववर्षाला कार्ड पाठवतोस, हे मला गेल्या महिन्यात कळलं. मला तू कधी पाठवलं नाहीस, आणि ते बरोबरच होतं.

झालं असं, की आपला तो खेळ आता घरच्या टीव्हीवर खेळता येतो. तोच पावसातला पूल, तीच कागदी छत्रीवाली बाई जी मी घ्यायचो, आणि तो गलेलठ्ठ भिक्षू, जो तुझ्याशिवाय कोणी घ्यायचं नाही. मी हौसेनं आणला. पण त्याच्यासोबत हातात धरायचा जो चपटा रिमोट येतो ना, त्यावर अंगठा घासून घासून दोन दिवसांत माझा अंगठा सुजला. छत्रीवाली जागची हलेना. सायोको, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "साठी आली तुमची, आणि हरताय कोणाशी, तर टीव्हीशी." मी म्हटलं, हे हत्यारच चुकीचं आहे. मला दांडी हवी. आपली खरी दांडी, डाव्या हाताची, वर लाल गोळा, शेजारी उजव्या हाताला सहा बटणं, मांडीवर ठेवता येईल अशी पेटी. ती म्हणाली, "घ्या. निदान मला स्वयंपाकघरात येऊन शिकवणं तरी बंद होईल."

म्हणून निप्पोनबाशीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. दुकान सांगितलं होतं एका ओळखीच्यानं, पण गल्ल्यावर कोण बसलंय ते सांगितलं नव्हतं. योनेकुरा मावशी. आपल्या गेम सेंटरची मालकीण. ऐंशीची झालीय, पाठ वाकलीय, जीभ आहे तशीच आहे. दुकान जावयाचं, पण गिऱ्हाईक तिच्याशीच बोलतं. मला बघून म्हणाली, "आलास का? माझं मशीन बडवून बडवून खिळखिळं केलंस, आता घरचं टेबल बडवायला काय हवंय?" मी लाजलो, पण बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला हक्कानं शिव्या देत होतं.

तोमो, तुला वाटेल दांडी घेणं म्हणजे काय, उचलली आणि पैसे दिले. मलाही तेच वाटलं होतं. मावशीनं मला दीड तास उभं ठेवलं. गोळा हवा की कोरियातल्या लोकांना आवडतो तसा लांबट मुठीचा? आत चौकोनी चौकट हवी, म्हणजे दांडी कोपऱ्यात गेली की टक्क वाजते, की आठ कोनांची? स्प्रिंग मऊ की कडक? पेटी जड हवी की हलकी? हलकी घेतलीस तर ऐन वेळी मांडीवरून पळेल. मग तिनं मला एका नमुन्याच्या पेटीसमोर बसवलं, हात ठेवायला सांगितलं, आणि पाच मिनिटं नुसती बघत राहिली. म्हणाली, "तू दांडी धरत नाहीस, तिचा गळा आवळतोस. तुला कडक स्प्रिंग आणि चौकोनी चौकट. दुसरं काही दिलं तर महिन्यात मोडशील." आणि खरंच, ती बसवल्याबरोबर छत्रीवाली अशी उडाली, की मला सत्तावीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं.

त्या आनंदाच्या भरात मी म्हटलं, मावशी, दोन दे. दुसरी तोमोनारीला पाठवायची आहे.

आता जे लिहितोय ते लिहायला तीन दिवस घेतले. मी ती दुसरी पेटी तुला का पाठवणार होतो, ठाऊक आहे? तुला माफ करायला. हो, मी. तुला. इतकी वर्षं मी मनात धरून होतो की तू माझा अपमान केलास, आणि आता वय झालं, मोठं मन करावं, एक भेटवस्तू पाठवावी, जुनं संपवावं. दुकानातून घरी जाईपर्यंत स्वतःच्या मोठेपणावर मी खूश होणार होतो. पण मावशीनं वहीतून डोकं वर काढलं आणि विचारलं, "तो दांडी कशी धरायचा?"

मला सांगता येईना. सहा वर्षं, आठवड्यातले पाच दिवस, मी तुझ्याशी खेळलो. तुझा भिक्षू श्वास कधी घेतो तेही मला माहीत होतं. पण मशीनं पाठीला पाठ लावून ठेवलेली. तू तुझ्या पडद्यासमोर, मी माझ्या. मध्ये लोखंड आणि काच. तुझ्या डोक्यावरचे केस सोडले तर खेळताना तू मला कधी दिसलाच नाहीस. मी म्हटलं, धरत असेल चारचौघांसारखी, दोन बोटांत, वाइनच्या पेल्याची दांडी धरतात तशी. मावशीनं वही मिटली. मग म्हणाली, "म्हणजे तुला अजून माहीत नाही."

त्या हिवाळ्यात मला जे दिसलं ते आधी सांगतो, कारण ते मी जगभर सांगत फिरलो होतो. जानेवारीत तू दहा-बारा दिवस आला नाहीस. आलास तेव्हा कोटाच्या खिशातून डावा हात काढेनास. मला वाटलं, नवा कोट मिरवतोय. आपण कोपऱ्यावर सूपातल्या उडोन शेवया खायला गेलो, तर तू चारचौघांसारखा वाडगा हातात उचलला नाहीस, टेबलावरच ठेवून तोंड खाली नेऊन खाल्लंस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अरे, कुत्रं सुद्धा तुझ्यापेक्षा शिस्तीत खातं." सगळे हसले. तूही हसलास. मग आपण खेळायला बसलो आणि तुझा भिक्षू गोल फिरवून मारायची ती पकड करेनाच. दांडी पूर्ण वर्तुळात फिरवून जी बसते, जिच्यासाठी लोक दुसऱ्या वस्तीतून बघायला यायचे, ती. नुसती लाथ. परत लाथ. मी सलग एकोणीस डाव जिंकलो. एकोणीस, तोमो. तुझ्याशी मी कधी सलग चारसुद्धा जिंकलो नव्हतो. पुढच्या महिन्यात उमेदाला जोडीच्या स्पर्धेत आपल्या गेम सेंटरकडून आपणच जाणार होतो. माझं डोकं सटकलं. मला वाटलं, तू मला तुच्छ लेखतोयस, मुद्दाम हरतोयस, मला तेवढ्याही लायकीचा समजत नाहीस. मी मशीनवर मूठ आपटली आणि वरून ओरडलो की भीक नकोय तुझी. चार पावलं चालून पलीकडे आलो असतो तर पुरलं असतं. पण रागात असलो की मी जागचा उठत नाही, नुसता ओरडतो. सायोकोला विचार.

आणि मग ती वही. दाराजवळ दोरीला बांधलेली, ज्यात येणारा जाणारा काहीबाही लिहायचा, चित्रं काढायचा, एकमेकांना आव्हानं द्यायचा. मी त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं की नाकात्सुजी तोमोनारी मुद्दाम हरतो, ज्याला खेळाची चाड आहे त्यानं त्याच्यासमोर बसू नये. खाली नाव लिहिलं. गेम सेंटरमध्ये मीच सगळ्यांत वरचा होतो, माझं लिहिणं लोक मानायचे. दुसऱ्या दिवशी त्याखाली तू एकच ओळ लिहिलीस. 'उद्यापासून नीट खेळतो.' मी ते पान सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, बघा, कबूल केलं की नाही.

त्यानंतर तीन आठवडे तू रोज आलास. तुझ्यासमोर कोणी बसलं नाही. तू एकटा, पडद्यातल्या यंत्राशी खेळत बसायचास, आणि मी शेजारच्या रांगेत मुद्दाम मोठ्यानं हसायचो. मग एक दिवस तू आला नाहीस. आठवडाभरानं मी म्हटलं, पळाला. उमेदाला मी दुसऱ्या कोणाला तरी घेऊन गेलो आणि पहिल्याच फेरीत हरून आलो. तेही तुझ्याच माथी मारलं.

मावशीनं मला जे सांगितलं, ते तुला सांगायची गरज नाही, तुझाच हात तो. पण मी ऐकलं हे तुला कळावं म्हणून लिहितो. त्या जानेवारीत कारखान्यातल्या प्रेसच्या यंत्रात तुझ्या डाव्या हाताची मधली दोन बोटं चेंगरली. बोटं राहिली, पण त्यांतला जोर गेला. मावशीला दिसायचं, कारण ती दोन्ही बाजूंनी फिरायची, राखदाण्या उचलायला, पडदे पुसायला. तू बँडेजच्या हाताचा तळवा गोळ्यावर दाबून मनगटानं दांडी ढकलायचास. पहिल्याच दिवशी तिनं तुला हटकलं. तू म्हणालास, "मावशी, कुनीला सांगू नकोस. कळलं तर तो मुद्दाम हरेल. मग खेळण्यात काय राहिलं?" आणि तिनं शब्द पाळला. वहीतलं पान तिला फाडायचं होतं, पण ती वही गिऱ्हाइकांची, दुकानानं तिला हात लावायचा नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. म्हणाली, "तो नियम मी मोडायला हवा होता. तुझं थोबाडही फोडायला हवं होतं. दोन्ही राहिलं." त्या तीन आठवड्यांत तू रोज येऊन काय करत होतास, तेही तिनं सांगितलं. तू ती गोल पकड तळव्यानं मारायला शिकत होतास. शेवटच्या दोन दिवसांत ती दहापैकी सहा वेळा बसायला लागली होती. तू अधूनमधून मान वर करून बघायचास, समोर कोणी येऊन बसलंय का.

मी दुकानात उभ्याउभ्या रडलो नाही. तेवढाही चांगला नाही मी. मी आधी विचार केला, हे आणखी किती जणांना माहीत असेल. मग घरी येऊन दांडी खोक्यातून बाहेर काढली नाही. तीन दिवस खोकं खोलीत पडून होतं. सायोकोनं विचारलं, "मोडली का लगेच?" तिला सगळं सांगितलं. ती फटकन काही बोलेल असं वाटलं होतं. ती नुसती उठली आणि जेवताना माझ्यासमोर वाडगा ठेवून म्हणाली, "आज हा हातात न उचलता खाऊन बघा." मी खाल्लं. सूप हनुवटीवरून गळ्यात गेलं. माझ्यासमोर कोणी हसत नव्हतं, तरी मला जेवण संपवता आलं नाही.

मला माफ कर असं लिहायचं म्हणून बसलो होतो, पण ते शब्द फार स्वस्त वाटतात. मी तुझं नाव घालवलं. ज्या एका गोष्टीवर तुझं सगळ्यांत जास्त प्रेम होतं, त्यातच तू अप्रामाणिक आहेस असं मी लिहून ठेवलं, आणि ते वाचून सुद्धा तू स्वतःची बाजू मांडली नाहीस, कारण मांडली असती तर मी सवलत दिली असती. मला लाज वाटते, तोमो. रस्त्यात चालताना वाटते, अंघोळ करताना वाटते.

आता खरं सांगतो, हे पत्र का लिहिलं. आपणहून नाही. हे सगळं ऐकल्यावर मी मावशीला म्हटलं होतं, सगळ्यात महागडी पेटी दे, चिठ्ठीसकट पाठवतो. तिनं पेटी मागे ओढून घेतली. म्हणाली, "विकणार नाही. एकदा त्याला न विचारता ठरवलंस तू. आता आधी विचार, हात कसा आहे, दांडी चालते की नुसत्या बटणांची पेटी लागेल, आणि मुळात तुझ्याकडून काही हवंय का." म्हणून विचारतोय. नको असेल तर 'नको' एवढंच मावशीला कळव, मी परत लिहिणार नाही. हवी असेल तर ती तुझ्या हाताप्रमाणे पेटीला हवी तिथं बटणांची भोकं पाडून देईल. आणि कधी ओसाकाला आलास, तर आमच्या खोलीत टीव्ही एकच आहे, तिथं पाठीला पाठ लावून बसता येत नाही, शेजारीच बसावं लागतं. तुझा हात मला दिसेल, आणि मी बघेन, तोंड फिरवणार नाही. पण माझी छत्रीवाली पूर्ण ताकदीनं येईल. तुला एकदाही मुद्दाम जिंकू देणार नाही.

तू म्हणशील तर, अजूनही तुझाच,
कुनिहिको