सूरपेटीतला लाल थेंब

बाबा, काल मी तुमची सूरपेटी उघडली. झाकणाचे स्क्रू गंजले होते आणि तुमच्या त्या काळ्या मुठीच्या पेचकसाशिवाय दुसऱ्या कशाला दाद देईनात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरातली कामं अजून तुमच्याच हत्यारांनी होतात. याचं मला बरं वाटतं आणि रागही येतो. हत्यारं इथं आहेत आणि तुम्ही नाही, म्हणून राग.

तो उन्हाळा आठवतो. मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तुम्ही आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतात. आईच्या गुरुवारच्या भजनात पेटी वाजवणाऱ्या काकू लेकाकडे नागपूरला राहायला गेल्या आणि आईचा आधारच गेला. तिला फार काही नको होतं, मागे एक सूर धरून ठेवणारं कुणीतरी हवं होतं. तुम्ही म्हणालात, आपण बनवू. मग आपण ओट्याची एक बाजू बळकावली. आईच्या सुपात तांदळाऐवजी आपले रेझिस्टर आणि कपॅसिटर पडलेले. "भातात यातलं काही शिजलं तं मले नका सांगू," ती म्हणायची.

ऑसिलेटरची गंमत तुम्ही मला तिथंच समजावलीत. बाहेरून आत काही द्यायचं नाही, आणि तरी आतून सूर निघाला पाहिजे. बाहेर पडलेल्या सुरातलं थोडं परत आत वळवायचं. रेझिस्टर-कपॅसिटरच्या तीन जोड्यांतून जाताना तो अर्धा फेरा फिरतो, उरलेला अर्धा फेरा अ‍ॅम्प्लिफायर फिरवतो, आणि सूर निघाला तसाच घरी परत येतो. वाटेत तो जेवढा क्षीण होतो तेवढं भरून काढलं की चक्र चालू राहतं. माझ्या गणितात ही भर एकोणतीस पट आली. मी रेझिस्टर मोजून मोजून निवडले, अगदी बरोबर एकोणतीस पट जमवली, कथलाचे डाग दिले आणि बटण दाबलं. चूं नाही की चां नाही. मी गणित पुन्हा तपासायला बसले, तर तुम्ही हसायला लागलात. "हिसाब बरोबर आहे तुया, म्हणूनच तं बंद आहे. काठोकाठ नाही चालत बाई. थोडं जास्त द्या लागते." तुम्ही एक रेझिस्टर बदललात आणि कुठूनसा तो सूर हळूहळू वर आला. आई कणकेच्या हातानंच येऊन उभी राहिली.

मग तो तिच्या गळ्याला लावायचा होता. ती सा लावायची आणि तुम्ही सूर वर-खाली करणारा आतला बारीकसा पेच, ते प्रिसेट, पेचकसानं फिरवायचात. "अजून थोडं. अजून. हं, बस." काळी पाच, तिची पट्टी. ते पुन्हा हलू नये म्हणून तुम्ही त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब टाकलात. "मायं नेलपॉलिश!" आई ओरडली. मी वेगळ्याच कारणानं तुमच्या मागे लागले होते. प्रिसेट नेहमी मध्यावर असावं, म्हणजे सूर दोन्हीकडे हलवता येतो, असं आम्हाला शिकवलं होतं. तुमचं तर एका टोकाला टेकलेलं. वर जायला जागाच नाही. बाजूचा रेझिस्टर बदलला असता तर मध्यावर आलं असतं. मी हे दुसऱ्या वर्षाच्या तोऱ्यात सांगितलं. "राहू दे तसंच," म्हणालात आणि झाकण लावलंत. मला वाटलं, उकाड्यानं कंटाळलात. पुढे मे महिन्यात पेटीचा सूर जरा सरकायचा, तेव्हा आई ती माठाजवळ नेऊन ठेवायची. "पेटीले ऊन लागलं," म्हणायची. त्यावरूनही मी तुम्हाला कमी चिडवलं नाही.

यंदा आईनं भजनाला जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाली. पण बाजारात वांगी निवडताना तेच गुडघे ठणठणीत असतात. मग एका दुपारी मला आतून पेटी ऐकू आली. तिनं सा लावला. आवाज तिथवर चढला, थरथरला आणि फाटला. पेटी बंद झाली.

"काहून बंद केली?" मी विचारलं.

"पेटी तिथंच आहे, मीच खाली आली. आता नाही पुरत आवाज."

"मी उतरवून देते ना."

"नको. त्याईनं लावलेला सूर आहे तो. हात नको लावू."

त्यानंतर ती तांदूळ धुतानासुद्धा गुणगुणेना. तुम्ही गेल्यावर हे घर तिच्या गाण्यावर तर उभं होतं, बाबा. तो लाल थेंब फोडायची मलाही भीती वाटत होती. तुमच्या हातचं असं कितीसं उरलंय? पण तिचं मुकेपण मला सोसेना. काल तिला समोर बसवलं आणि पेटी उघडली. ती खिडकीकडे बघत राहिली, पण नाही म्हणाली नाही.

थेंब टचकन फुटला. प्रिसेट फिरवलं आणि सूर उतरायला लागला. उतरायला भरपूर जागा होती. सगळी जागा खालीच होती. तेव्हा आईच्या केसांत एकही पांढरा नव्हता, आणि तुम्ही तिच्या म्हातारपणाच्या आवाजाची सोय करून झाकण लावलं होतंत. मला तेव्हा का नाही सांगितलंत?

"बस," आई म्हणाली. काळी चार. आणि तिनं सा लावला, न थरथरता. मग माझ्याकडे पाहिलं. "कायले रडून राहिली?"

मी सांगितलं. "म्हणजे मी म्हातारी होईन, हे त्याईनं तवाच धरलं होतं?" म्हणाली आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. आज गुरुवार. ती पेटी काखेत मारून भजनाला गेली आहे.

जाताना सांगून गेली, आल्यावर थेंब लावून दे, नाहीतर सूर हलेल. मी हो म्हटलं. पण मी तो लावणार नाही, कारण तिचा आवाज अजून उतरणार. पेच आणखी किती फिरतो, ते मी काल पाहिलं नाही. तुम्ही ठेवलेली जागा आता किती उरली आहे, हे मीटर लावलं की क्षणात कळेल. मीटर हाताशीच होतं, बाबा. मी ते उचललं नाही.